गुपित बोलणारा वॉकीटॉकी घेताना

लेकरा, गोदामासाठी आणि रात्रीच्या राखणीसाठी वॉकीटॉकी घ्यायचे, आणि तेही एन्क्रिप्शनवाले, हा तुझा विचार मला पटला. सगळी नोकरी मी रेल्वेच्या टेलिकॉम खात्यात काढली. हे सेट उघडायचे, दुरुस्त करायचे, त्यांच्या बॅटऱ्या तपासायच्या आणि पावसापाण्यात ते माणसांच्या हातात चालते ठेवायचे, हेच माझं काम. म्हणून दुकानात पाय ठेवण्याआधी माझं थोडं ऐकून घे. दुकानदार तुला वॅट सांगेल, किलोमीटर सांगेल, चॅनल किती ते सांगेल. तुला लपवायचं कुणापासून आहे, हे तो विचारणार नाही. ते तुझं तुलाच ठरवावं लागतं, आणि ते ठरल्याशिवाय कोणता सेट घ्यायचा हेही ठरत नाही.

आपल्या शिवारातली राखण तुला ठाऊक आहे. शेतीची लाईट कधी दिवसा येते, कधी रात्री. रात्रीची असली की माणूस एकटाच आखाड्यावर असतो. विहिरीवरची मोटार, तिची केबल, स्टार्टर, सगळ्यावर चोराचा डोळा. इकडं गोदामात हळदीची पोती पडलेली. गाडी वसमतला जाणार की नांदेडला, किती वाजता निघणार, आडतीवरच्या पट्टीचे पैसे कुणाजवळ आहेत, कोणत्या आखाड्यावर आज कुणी नाही, हे बोलणं परक्याच्या कानावर पडू नये. ही गरज खरी आहे. पण दिवसभरातलं बाकीचं बोलणं, म्हणजे डबा पाठवा, ट्रॅक्टर पांदणीत फसलाय, मळणीयंत्र इकडं आणा, ते कुणी ऐकलं तर ऐकू दे. म्हणून आठवडाभर आपली माणसं फोनवर काय काय बोलतात ते कागदावर उतरव आणि त्यातलं खरंच लपवण्यासारखं काय ते खुणेनं वेगळं काढ. बहुतेक यादी उघडीच राहील, बघ. उरलेल्या थोड्यासाठी किती खर्च करायचा ते मग बोलू.

ऐकणाराही कोण ते बघ. शेजारच्या वावरातल्या पोरानं तसलाच सेट घेतला आणि चुकून तुमचं बोलणं त्याच्या कानावर पडलं, ही एक गोष्ट. चोरानं मुद्दाम रिसीव्हर आणून रात्ररात्र कान लावून बसायचं, ही दुसरी. पहिल्याला थोडक्यात आवरता येतं, दुसऱ्यासाठी पक्कं एन्क्रिप्शन लागतं. पोलिसांपासून किंवा सरकारपासून काही लपवायचं असेल, तर मात्र माझ्याकडे येऊ नको.

एन्क्रिप्शन काय झाकतं आणि काय झाकत नाही, हे बैलबाजारात बघितलंस तर कळेल. हेडी उपरण्याखाली एकमेकांची बोटं धरून सौदा करतात. सौदा चाललाय हे सगळा बाजार बघतो, कुणाकुणात चाललाय तेही दिसतं, झाकलेला असतो तो फक्त आकडा. वॉकीटॉकीचंही तसंच. शब्द झाकले जातात, पण सेट बोलतोय, किती वेळ बोलतोय, कोणत्या अंगानं सिग्नल येतोय, हे ज्याच्याजवळ साधन आहे त्याला कळतंच. रोज रात्री दर तासाला तुमचे सेट वाजत असले आणि एखाद्या रात्री दोननंतर वाजलेच नाहीत, तर राखणदाराला झोप लागली हे चोराला एकही शब्द न कळता समजेल. म्हणून रात्री बोलायच्या वेळा ठरलेल्या ठेवू नका. मागंपुढं करा.

आता कायद्याचं. इथं मी तुला ढिलाई करू देणार नाही. माझ्या पिढीनं घरात साधा रेडिओ ठेवायलाही पोस्टात लायसनचे पैसे भरलेत. ते लायसन ऐंशीच्या दशकात गेलं, पण बोलणाऱ्या सेटचा कायदा गेला नाही. १९३३ च्या वायरलेस टेलिग्राफी कायद्यापासून हे चालत आलंय की परवाना किंवा सूट असल्याशिवाय असा सेट नुसता जवळ बाळगणंही गुन्हा. सूट आहे ती ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्झ या अरुंद पट्ट्यातल्या कमी ताकदीच्या सेटना, २०१८ च्या नियमांनी दिलेली. या पट्ट्यातले सेट साधारण अर्ध्या वॅटचे असतात. पट्टा बरोबर असला तरी त्या मॉडेलला दूरसंचार विभागाची मान्यता लागते, तिला ईटीए म्हणतात. दुकानदाराला ते प्रमाणपत्र माग आणि त्यावरचा मॉडेल नंबर सेटच्या पाठीवरच्या नंबराशी अक्षर न् अक्षर जुळवून बघ. ‘सगळे घेतात, काही होत नाही’ असं तो म्हणाला तर दुकानातून उठ.

ऑनलाइन स्वस्तात दिसणारे, पाच वॅट लिहिलेले, १३६ ते १७४ आणि ४०० ते ४८० मेगाहर्ट्झ असे दोन मोठे पट्टे उघडे असलेले सेट तर आणूच नको. मे २०२५ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं अशा विक्रीबद्दल १३ ऑनलाइन विक्रेत्या कंपन्यांना नोटिसा काढल्या आणि पाठोपाठ नियमावलीही आणली. आता सेटची फ्रिक्वेन्सी काय आणि परवाना लागतो का, हे जाहिरातीतच सांगावं लागतं. पण मला कायद्याहून मोठी काळजी आपल्या गावची आहे. चुडावा हे रेल्वेचं स्टेशन आहे. पूर्णेहून नांदेडकडं जाणारी प्रत्येक गाडी इथून जाते. लोको पायलट, गार्ड (आता त्यांना ट्रेन मॅनेजर म्हणतात) आणि स्टेशन मास्तर यांचे वॉकीटॉकी त्याच १३६ ते १७४ च्या पट्ट्यात कुठंतरी चालतात. तसला उघडा सेट एखाद्या पोरानं खेळत खेळत भलत्या आकड्यावर नेला आणि बटण दाबून धरलं, तर गाडीच्या मागच्या माणसाचा आवाज पुढच्या माणसापर्यंत पोचायचा नाही. मालगाडीचा एखादा डबा पेटलाय, ब्रेक चिकटलाय, हे सांगायची ती वाट आहे. आपल्या हळदीच्या पोत्यापायी त्या वाटेत कुणी उभं राहू नये.

अर्ध्या वॅटमध्ये भागत नसेल तर दुसरा रस्ता परवान्याचा. दूरसंचार विभागाच्या वायरलेस प्लॅनिंग अँड कोऑर्डिनेशन विंगकडे अर्ज करायचा, ‘सरल संचार’ नावाच्या पोर्टलवरून. ते तुमच्या संस्थेला स्वतःची फ्रिक्वेन्सी देतात, तिचे वर्षाला पैसे भरावे लागतात. खरं एन्क्रिप्शन असलेले चांगले डिजिटल सेट बहुतेक याच वर्गात मोडतात. बिनपरवान्याच्या पट्ट्यात तसले फार थोडे, तिथले बहुतेक साधे ॲनालॉग. अर्जात एन्क्रिप्शनची गोष्ट लपवायची नाही, आणि परवाना हातात आला की त्याच्या अटी स्वतः वाचायच्या. एजंटानं सांगितलेलं खरं धरायचं नाही.

तिसरे मिळतात सिमकार्डवाले. दिसायला वॉकीटॉकी, आतून मोबाईल. टॉवर असेल तिथवर पोचतात, परवान्याची कटकट नाही, बोलणंही बऱ्यापैकी झाकलेलं. पण ते कुणाच्यातरी सर्व्हरवरून जातं, आणि टॉवरची लाईट गेली की हातात नुसता डबा. २०२४ च्या सप्टेंबरच्या सुरुवातीला परभणी-हिंगोली-नांदेडावर जो पाऊस कोसळला तो आठव. तसल्या रात्री शेजारच्या आखाड्याशी बोलता आलं पाहिजे. गोदाम, गाड्या आणि बाजार यांच्यासाठी सिमवाले चालतील, राखणीसाठी मी ते घेणार नाही.

हौशी रेडिओचंही तू विचारलं होतंस. परीक्षा देऊन हॅमचं लायसन जरूर काढ, पुराच्या वेळी त्या माणसांचा मोठा आधार होतो. पण हॅमच्या फ्रिक्वेन्सीवर अर्थ लपवून बोलायला बंदी आहे आणि धंद्याचं बोलणंही चालत नाही. तो रस्ता याच्यासाठी नाही.

आता मुख्य गोष्ट. ‘एन्क्रिप्शन आहे’ असं म्हणून बऱ्याच तऱ्हेच्या वस्तू विकतात आणि त्यांच्यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. डब्यावर ‘३८ प्रायव्हसी कोड’ लिहिलेलं दिसेल. ते फक्त बारीक सूर आहेत, आवाजासोबत जाणारे. तुझ्या सेटला तो सूर ऐकू आला तरच त्याचा स्पीकर उघडतो, म्हणून दुसऱ्यांची बडबड तुला ऐकू येत नाही. तुझी बडबड मात्र ज्यानं आपल्या सेटवर तो सूर बंद ठेवलाय त्याला सगळी स्वच्छ ऐकू येते. त्यानं झाकलं काहीच जात नाही.

त्याच्या पुढचा ‘स्क्रॅम्बलर’. तो आवाजातला जाड भाग बारीक करतो आणि बारीक भाग जाड. ऐकणाऱ्याला बदकासारखं काहीतरी ऐकू येतं आणि घेणारा खूश होतो. पण त्याच कंपनीचा सेट ज्याच्याकडे आहे तो थोडे आकडे फिरवून उलटा आवाज सुलटा करतो, संगणकावर तर तेही करावं लागत नाही. सराव झालेल्या कानाला नुसत्या त्या आवाजातूनही शब्द लागतात. शेजारच्या पोराला आवरायला हे पुरतं. चोरासाठी नाही.

मग डिजिटल. डिजिटल म्हणजे झाकलेलं, असा बाजारात मोठा समज आहे. तो खोटा आहे. डीएमआर जातीच्या सेटमध्ये कलर कोड नावाचा आकडा असतो, तो शून्य ते पंधरा एवढाच. दुसरा डीएमआर सेट त्या आकड्यावर लावला की बोलणं उघडं. डिजिटलवर किल्ली, म्हणजे फक्त आपल्याला ठाऊक असलेला गुप्त आकडा, बसवली तरच ते झाकतं, आणि किल्ल्यांमध्येही लहानमोठ्या आहेत. ‘बेसिक’ म्हणून जी येते तिचे सगळे मिळून २५५ प्रकार. चिकाटीचा माणूस एका दुपारी हातानंच लावून बघेल. ‘एन्हान्स्ड’ म्हणतात ती ४० बिटांची. तिचे प्रकार १ लाख कोटींच्या वर, ऐकायला केवढे, पण आजच्या संगणकाला ते जड नाहीत. चांगली ती एईएस, २५६ बिटांची. तिची पद्धत बेल्जियमच्या दोन संशोधकांनी, योआन दामेन आणि व्हिन्सेंट रायमेन यांनी, जगासमोर मांडली, जगभरच्या लोकांनी ती मोडून बघायचा प्रयत्न केला, आणि २००१ मध्ये अमेरिकेनं तिला सरकारी मानक केलं. तिचा कागद कुणालाही वाचता येतो. गुपित आहे ती फक्त तुझी किल्ली.

हा मुद्दा मनात पक्का धर, कारण दुकानदार उलटं सांगेल. ‘आमच्या कंपनीची स्वतःची गुप्त पद्धत आहे, कुणाला ठाऊकच नाही.’ युरोपात पोलिसांपासून बंदरांपर्यंत टेट्रा नावाची रेडिओ यंत्रणा वापरतात. तिच्यातल्या झाकण्याच्या पद्धती अनेक वर्षं गुप्त ठेवल्या होत्या. २०२३ मध्ये नेदरलँड्सच्या मिडनाइट ब्लू या छोट्या कंपनीतल्या संशोधकांनी त्या उलगडून दाखवल्या. त्यातल्या टीईए-१ नावाच्या पद्धतीची किल्ली कागदोपत्री ८० बिटांची होती, आतमध्ये मुद्दाम ती ३२ बिटांवर आणलेली निघाली. म्हणजे सुमारे ४२९ कोटी प्रकार, साध्या संगणकाला थोड्या वेळात उरकण्याएवढे. इतकी वर्षं पैसे मोजून ती यंत्रणा वापरणाऱ्यांना याचा पत्ता नव्हता. तेव्हा जी पद्धत उघड्यावर तपासली गेली तीच घे. दुकानदाराकडून लेखी घे: एईएस, २५६ बिट, किल्ली आपणच घालायची आणि पाहिजे तेव्हा बदलायची सोय. या तीन गोष्टी बिलावर येत नसतील तर तो सेट आपला नाही. आणि सगळे सेट एकाच कंपनीचे, शक्यतो एकाच मॉडेलचे घे. एईएस दोघांकडे असलं तरी दोन कंपन्यांचे सेट झाकलेलं बोलणं एकमेकांना देतीलच असं नाही.

कागदावर विसंबून राहू नको, दुकानातच परीक्षा घे. तीन सेट माग. दोघांत एकच किल्ली घाल, तिसरा त्याच चॅनलवर पण बिनकिल्लीचा ठेव. बोलून बघ. तिसऱ्यातून शांतता किंवा नुसती खरखर आली पाहिजे. एखादा शब्दही ओळखू आला तर ते झाकणं नव्हे. मग तिसऱ्यात चुकीची किल्ली घालून पुन्हा बघ. आणि शेवटी उलटी परीक्षा: किल्लीवाल्या सेटमधली किल्ली पुसून टाक आणि बोलायचं बटण दाब. चांगला सेट टूं टूं करून बोलायला नकार देईल. वाईट सेट गुपचूप उघड्यावर बोलू लागेल आणि हातात धरणाऱ्याला कळणारही नाही.

या शेवटच्या परीक्षेवर मी जोर देतोय त्याला कारण आहे. अमेरिकेत मॅट ब्लेझ या संशोधकानं आणि सहकाऱ्यांनी तिथल्या केंद्रीय तपास यंत्रणांचे रेडिओ मोठ्या शहरांत ऐकून पाहिले आणि २०११ साली ते जगासमोर मांडलं. सेट महागडे, एन्क्रिप्शन उत्तम. तरीही एकेका शहरात दिवसाला सरासरी २० मिनिटांहून जास्त नाजूक बोलणं उघड्यावर जात होतं. कुणी एन्क्रिप्शन मोडलं नव्हतं. सेटवरचं बटण उघडं आहे की झाकलेलं हे माणसाला चटकन कळत नव्हतं, आणि एखाद्याच्या सेटमधली किल्ली जुनी झाली असली की त्याच्यासाठी सगळेच उघड्यावर येऊन बोलत होते. आपल्याकडेही हेच होईल. म्हणून प्रोग्रॅमिंग करतानाच एक चॅनल कायमचं झाकलेलं आणि एक कायमचं उघडं करून घे, उघडं-झाकलेलं बदलणारं बटण बंद करून टाक. उघडं गावकीचं, झाकलेलं गोदामाचं. आपल्या सालगड्याला एवढंच लक्षात ठेवायचं असावं.

किल्ली कशी करायची ते ऐक. एईएस २५६ ची किल्ली म्हणजे ६४ अक्षरं, शून्य ते नऊ आणि ए ते एफ मधली. यात गावाचा पिनकोड, ट्रॅक्टरचा नंबर, पोराची जन्मतारीख घालायची नाही. नाणं घे. चार वेळा उडवलं की सोळा शक्यता होतात आणि एक अक्षर मिळतं. असं ६४ अक्षरांसाठी, म्हणजे नाणं एकूण २५६ वेळा उडवायचं. संध्याकाळ जाईल, पण जगात तशी दुसरी किल्ली कुणाकडे नसेल. ती व्हॉट्सॲपवर टाकायची नाही, फोटो काढायचा नाही. कागदावर लिहून कपाटात. कंपनीनं आधीच घालून दिलेली किल्ली असते, ती त्या मॉडेलच्या सगळ्या सेटना सारखीच असू शकते, म्हणून पहिल्या दिवशीच बदल. दुकानदार म्हणेल, द्या, मीच प्रोग्रॅम करून देतो. चॅनल त्याला करू दे. किल्ली घरी आणून घाल, नाहीतर तिची प्रत त्याच्या कॉम्प्युटरात राहते.

एक सेट हरवला की ती किल्ली गेली, असंच समजायचं. सापडेल, कुणीतरी आणून देईल, म्हणून वाट बघायची नाही, त्याच दिवशी उरलेल्या सगळ्या सेटची किल्ली बदलायची. हरवलेला सेट दुरून बंद पाडायची सोय काही सेटमध्ये असते, ती असली तर चांगलं, पण तो चालू असेल आणि पल्ल्यात असेल तरच ती लागू पडते. प्रत्येक सेटवर रंगानं नंबर टाक, वही ठेव, संध्याकाळी कुणी कोणता नेला, सकाळी परत आला का. सोयाबीनच्या सुगीत बाहेरगावची माणसं येतात तेव्हा त्यांना उघडं चॅनल असलेलेच सेट द्यायचे. त्यांच्यावर अविश्वास म्हणून नव्हे. सुगी संपली की ती माणसं जातात, आणि किल्ली बदलायचा आळस आपल्याला येतो.

याच्याही पलीकडची एक गोष्ट रेल्वेनं मला शिकवली, ती तुला दुकानात कुणी सांगणार नाही. स्टेशन मास्तर गेटमनला फोनवर सांगतो, गाडी येतेय, गेट बंद कर. गेट बंद झालं की गेटमन एक आकडा सांगतो. त्याला प्रायव्हेट नंबर म्हणतात. आकड्यांचा छापील तक्ता प्रत्येकाच्या ताब्यात असतो, आकडे कुठल्याही क्रमात नसतात, एक वापरला की त्यावर रेघ मारायची, पुन्हा वापरायचा नाही. मास्तर तो आकडा वहीत लिहितो आणि मगच सिग्नल देतो. फोनवरचं बोलणं कुणी ऐकलं तरी चालतं. महत्त्वाचं हे की पलीकडे खरोखर आपलाच माणूस आहे आणि काम झाल्याचं तो जबाबदारीनं सांगतोय. एन्क्रिप्शन हे काम करत नाही. रात्री कुणी राखणदाराच्या हातून सेट हिसकावला आणि त्याच्या आवाजात म्हटलं, ‘गाडी आलीय, गोदाम उघडा’, तर झाकलेल्या चॅनलवरून आलेला आवाज म्हणून तुमचा माणूस जास्तच विश्वास ठेवील. तेव्हा गोदाम उघडणं, पैसे देणं, मोटारी बंद करणं, अशा थोड्या हुकमांसाठी तूही तसा तक्ता कर. एक प्रत गोदामात, एक तुझ्या खिशात. आकडा जुळला नाही तर कुलूप हलवायचं नाही, मग बोलणारा तूच का असेनास.

आपल्याच लोहमार्गावर ही दोन्ही कामं वेगळी केलेली दिसतात. मनमाड-परभणी-नांदेड-सिकंदराबाद या मार्गावर ‘कवच’ ही गाड्यांची टक्कर टाळणारी यंत्रणा बसलीय. दक्षिण मध्य रेल्वेच्या ज्या १,४६५ किलोमीटरांवर ती आधी आली त्यात हा पट्टा आहे. चुडाव्याजवळून जाणारं इंजिन आणि स्टेशन एकमेकांशी रेडिओवर बोलतात, आणि आलेला निरोप खराच आहे याची खात्री किल्ल्यांवर करतात. त्या किल्ल्या वेगळ्या यंत्रणेकडून येतात आणि बदलत राहतात. खोट्या निरोपावर गाडी थांबू नये आणि धावूही नये, म्हणून. पण लोको पायलट आणि गार्ड यांचे हातातले वॉकीटॉकी मात्र उघडे आहेत, आणि ते तसेच बरे. शेजारच्या लाईनवरच्या गाडीनं धोका ऐकला पाहिजे.

म्हणून आपल्यातही हा नियम पहिल्या दिवशी सांगून ठेव: जिवाचं बोलणं कायम उघड्या चॅनलवर आणि सरळ शब्दांत. साप चावला, विजेचा धक्का बसला, कुणी विहिरीत पडलं, आग लागली, ओढ्याला पाणी आलं. तिथं सांकेतिक शब्द नकोत, आकडे नकोत. जागेचं नाव आधी, मग काय झालं ते. आपल्या प्रत्येक विहिरीला, पांदणीला आणि आखाड्याला सगळ्यांना ठाऊक असलेलं एकच नाव असू दे, कारण एकाच विहिरीला तीन भाऊ तीन नावं सांगतात आणि रात्री माणसं भलतीकडेच पळतात. उघडं चॅनल कोणतं हे शेजारच्या आखाड्यांनाही सांगून ठेव. ऐकणाऱ्यानं तिथूनच १०८ ला किंवा ११२ ला फोन लावायचा.

पल्ल्याचं थोडक्यात. डब्यावरचे किलोमीटर वाचूच नको. आपली जमीन सपाट आहे हे आपलं नशीब. दीड मीटर उंचीवर धरलेल्या सेटचं क्षितिज पाचेक किलोमीटरांवर असतं, पण मध्ये उभा ऊस, आंब्याची झाडं, पत्र्याची गोदामं आली की अर्ध्या वॅटचा सेट एक-दोन किलोमीटरांत थकतो. ऊस उभा असताना परीक्षा घे, तोडणी झाल्यावर नको. आवाज पोचत नसेल तर ताकद वाढवायच्या मागं लागू नको, उंची वाढव. नऊ मीटरांच्या पाण्याच्या टाकीवर चढलेल्या माणसाचं क्षितिज बारा किलोमीटरांवर जातं. आणि डिजिटल सेट पल्ल्याच्या कडेला आला की ॲनालॉगसारखा खरखरत नाही, एकदम गप्प होतो. तो गप्प झाला की पलीकडचा रागावला नाही, चार पावलं उंचावर जाऊन पुन्हा बोल, हे पोरांना समजाव.

बटण दाबल्याबरोबर बोलायचं नाही. झाकलेल्या डिजिटल बोलण्यात पहिला शब्द कापला जातो. बटण दाब, एक श्वास थांब, मग बोल. ‘बंद करू नका’ मधला पहिला शब्द गेला तर अर्थ हरवतो, शेवटचा गेला तर उलटतो. म्हणून हुकूम दोनदा सांगायचा आणि ऐकणाऱ्यानं तो परत म्हणून दाखवायचा. रेल्वेत आम्ही असंच करायचो.

सेट आयपी ६७ चा घे. मळणीयंत्राची धूळ आणि हळद शिजवतानाची वाफ, दोन्ही साध्या सेटला मारतात. उन्हाळ्यात ट्रॅक्टरच्या टपावर ठेवला की बॅटरी फुगते. बॅटऱ्या कंपनीच्याच, दुकानातूनच, पक्क्या बिलावर घे. सप्टेंबर २०२४ मध्ये लेबनॉनमध्ये जे हातातले सेट फुटले आणि माणसं मेली, त्यांच्यावर आयकॉम या जपानी कंपनीचं नाव होतं. कंपनीनं सांगितलं की ते मॉडेल आम्ही २०१४ मध्येच बंद केलं. आपल्या गावात तसलं काही होणार नाही. पण नाव मोठ्या कंपनीचं आणि माल कुणाचा हे कळत नसेल, तर त्या सेटमधलं एन्क्रिप्शनही कुणाचं, हेही कळत नाही.

एकदम सगळे आणू नको. आधी दोन आण, परवान्याचे किंवा मान्यतेचे कागद सोबत घेऊन. एक गोदामात, एक सगळ्यात लांबच्या आखाड्यावर, आणि एक हंगाम वापरून बघ. प्रोग्रॅमिंगची केबल माझ्याकडे आहे, ती घेऊन मी येईन आणि चॅनल बसवून देईन. किल्ली टाकायची वेळ आली की मी बाहेर ओट्यावर जाऊन बसेन. ती तू आत एकटाच टाक, आणि मलाही सांगू नको.